पहिला काप कोणी मारायचा

५ जानेवारी

प्रिय आत्या,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की मोठ्या शाळेच्या फीमध्ये सगळं धरलेलं आहे. ते चूक आहे. माहितीपुस्तिका पुन्हा वाचली, तेव्हा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं: परीक्षांची फी वेगळी आणि परीक्षकाला सोबत घेऊन उडायचं त्याचे पैसेही वेगळे. तू माझ्या आकड्यावर विसंबून कुणाशी काही बोलली असशील, तर त्याला आधी खरा आकडा सांग.

हसू नकोस. धरणाच्या वसाहतीत शाळा नव्हती, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत मी बाबांकडेच शिकले, आणि त्यांचा नियम होता की नव्या पानाची पहिली ओळ म्हणजे मागच्या पानावरची चूक. आता हात आपोआप तिथेच जातो.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, शाळा कुठली. आमच्या हवाई पट्टीवर हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या दोन शाळा आहेत. एक काचेची, तिच्याकडे पाच हेलिकॉप्टरं आहेत, वातानुकूलित वर्ग आहेत आणि गणवेश आहे. सगळी फी आधी भरली तर मोठी सवलत. दुसरी पत्र्याच्या शेडमध्ये, एकच हेलिकॉप्टर, एकच शिकवणारा. तिथे माहितीपुस्तिका नाही. शेडच्या दारावर फोन नंबर खडूने लिहिलेला आहे.

दुसरी गोष्ट, हेलिकॉप्टरच का, विमान का नाही. विमान स्वस्त पडतं हे तुझं म्हणणं बरोबर आहे. माझा दोन महिन्यांचा पगार म्हणजे हेलिकॉप्टरचा एक तास, आणि परवान्यासाठी असे कितीतरी तास लागतात. पण आत्या, विमान हवेत थांबू शकत नाही. हेलिकॉप्टर थांबतं. रोज सकाळी मी इंधनाच्या डेपोत बरणीत नमुना काढते, उजेडात धरते, तळाशी पाण्याचा थेंब आहे का ते बघते आणि मग टँकर सोडायला सही करते. तेव्हा समोर एखादं हेलिकॉप्टर जमिनीपासून माणूसभर वर उठून नुसतं उभं असतं. पुढे जायच्या आधी थांबून नीट बघून घेणारं यंत्र आहे ते. मला वाटलं, हे माझ्यासारख्यांसाठीच केलेलं असणार.

डॉक्टरांच्या तपासणीत पास झाले. डोळे उत्तम, नाडी जरा जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरलात का?" मी म्हटलं, "नाही, माझी अशीच असते."

पैशांसाठी तुझ्या शिवणाच्या दुकानाची मागची खोली विकायचं तू म्हणतेस. अजून काही करू नकोस. मी दोन्ही शाळा नीट बघून येते.

तुझी,
शंकाबाई


१४ जानेवारी

शंकाबाईस, आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला हल्ली ऐकू कमी येतं, पण दुरुस्तीची ओळ बरोबर ऐकू गेली. नुसता मान डोलवत होता. जसा बाप तशी तू.

आता माझं ऐक. माहितीपुस्तिका मीही बघितली, तू पाठवलेली. तुझं लक्ष बारीक अक्षरांवर, माझं फोटोवर. काचेच्या शाळेतल्या पोरापोरींच्या शर्टाची कॉलर बघ. पट्टी कशी चोख बसली आहे, खांद्याची शिवण कुठे ओढलेली नाही, खिशाचं झाकण एका रेषेत. मी पस्तीस वर्षं गणवेश शिवते आहे. कारखान्यांचे, शाळांचे, पहारेकऱ्यांचे. जिथे कॉलर नीट असते तिथे बाकीचंही नीट असतं. ढिसाळ माणसाला नीट कॉलर सुचतच नाही. आणि तुझ्या पत्र्याच्या शाळेतल्या त्या एकुलत्या एक मास्तराचा गणवेश कसा आहे, ते तू लिहिलंच नाहीस. म्हणजे नसणार.

खोलीचं मी शेजारच्या इस्त्रीवाल्याशी बोलले. त्याला भिंतीपलीकडे जागा हवीच आहे. भाव करत नाही, नुसता हसतो, म्हणजे त्याला परवडतंय. माझ्या मागे ती खोली कोणाला जाणार होती? तुलाच. मग ती मी असताना घेतलीस तर बिघडलं कुठे? खोलीत बसून तू काय करणार, माझी जुनी कापडं मोजणार?

तुझा स्वभाव मला माहीत आहे. दुकानात नवी मुलगी आली की आठवडाभर चिंध्यांवर शिवते. मग पहिल्यांदा चांगलं कापड समोर येतं. माप घेतलेलं, खडूने आखलेलं, सगळं बरोबर, आणि ही कात्री उघडून बसते ती बसतेच. पुन्हा मोजते. अशा वेळी मी काय करते ठाऊक आहे ना? तिच्या हातातून कात्री घेते आणि पहिला काप मी मारते. एकदा काप गेला की मागे फिरायचा प्रश्न नाही. पोरगी पुढचं सगळं सरसर कापते. आजवर एकही रडली नाही.

तू मात्र मोजतच बसशील, आणि सवलतीची तारीख निघून जाईल.

आत्या


२५ जानेवारी

प्रिय आत्या,

दुरुस्ती: पत्र्याच्या शेडच्या दारावर फोन नंबर खडूने लिहिलेला नाही, रंगाने लिहिलेला आहे. लांबून खडू वाटला.

गेल्या रविवारी तिथे जाऊन आले. मास्तरांना सगळे डुलकी म्हणतात, कारण ते खुर्चीत डोळे मिटून बसतात आणि झोपलेत असं वाटतं. झोपलेले नसतात. मी दारात उभी राहिले तर डोळे न उघडता म्हणाले, "डेपोतली ना तू? इंधनाचा वास आला." गणवेश नाही, तू म्हणालीस तसंच. स्वेटर आहे, कोपराला विरलेला.

मी विचारलं, फी किती, कधी भरायची?

"आधी काही भरू नकोस. उडशील तेवढे दे. उतरल्यावर दे."

"सगळे एकदम भरले तर सवलत?"

"सगळे एकदम घेतले तर माझ्याकडून खर्च होतील," ते म्हणाले. "आणि हे बघ, एकच यंत्र आहे. ते दुरुस्तीला गेलं की महिना महिना बसावं लागतं. घाई असेल तर इथे येऊ नकोस."

मग त्यांनी मला वीस मिनिटं वर नेलं, माझ्या साठवलेल्या पैशांतून. तीन गोष्टी हातापायांत असतात: डाव्या हाताशी वरखाली होणारा दांडा, उजव्या हातात काठी, पायांखाली पेडलं. त्यांनी एका वेळी एकच दिली. आधी पेडलं. मग दांडा. शेवटी उजव्या हातातली काठी, आणि म्हणाले, "आता जागच्या जागी उभं राहा."

आत्या, मी तुला मागे लिहिलं ना, की ते यंत्र नुसतं उभं असतं? तीही चूकच. ते कधीच उभं नसतं. ते सारखं कुठेतरी घसरत असतं. पुढे गेलं की तुम्ही मागे ओढायचं, ओढल्यावर ते मागे जातं, मग पुन्हा पुढे. मी सगळ्या मैदानभर डुलत होते. दारुड्यासारखी. ते म्हणाले, "मोठी चूक झाल्यावर मोठी दुरुस्ती करतेस. लहान असतानाच लहान कर. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की तू काहीच करत नाहीस." शेवटी शेवटी दोन श्वासांइतका वेळ यंत्र स्थिर राहिलं. खाली उतरल्यावर मला लगेच पुन्हा वर जायचं होतं.

काचेच्या शाळेतही गेले. स्वागताच्या बाईंनी कॉफी दिली. सगळं चकचकीत आहे. पण मला तिथे ठीक वाटत नाही. का, ते मी तुला सांगू शकत नाही. मला वाटतं एवढ्यावर तू विश्वास ठेवावास.

खोलीचं अजून नक्की करू नकोस. मला थोडा वेळ दे. हल्ली बरणी उजेडात धरते ती तीन तीन वेळा. टँकरवाला वैतागतो. म्हणतो, "ताई, आत मासा शोधताय का?"

तुझी,
शंकाबाई


९ फेब्रुवारी

शंकाबाईस,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. वीस मिनिटं हवेत डुलून आलीस, मग काचेची शाळा आवडेना आणि कारण सांगता येईना. पोरी, ज्याचं कारण सांगता येत नाही त्याला भीती म्हणतात. तुला मोठ्या शाळेची भीती वाटते, कारण तिथे गेलं की खरोखर पायलट व्हावं लागेल. त्या डुलकी मास्तराकडे काय, आज उडलं, महिनाभर बसलं, पुन्हा कधीतरी उडलं. असं करत तू म्हातारी होशील आणि डेपोतच निवृत्त होशील.

म्हणून पहिला काप मी मारला.

इस्त्रीवाल्याने पैसे दिले. त्यातून काचेच्या शाळेची अर्धी फी तुझ्या नावाने भरली. पावती सोबत जोडली आहे. बाकीची अर्धी प्रवेशाच्या दिवशी, तू नोंदवहीत सही केलीस की. फोनवरच्या बाई फार गोड बोलल्या. तुझ्या शर्टाचं माप विचारलं. मी म्हटलं, शर्ट आम्ही शिवू.

दादाला अजून सांगितलेलं नाही. तो विचारेल, "तिला विचारलंस का?"

रागावलीस तर रागाव. पण कापड कापलं गेलंय, आता शीव.

आत्या


१३ फेब्रुवारी

आत्या,

दुरुस्ती: मी लिहिलं होतं की कारण सांगू शकत नाही. सांगू शकत होते. सांगितलं नाही.

बाबा धरणाच्या दरवाजांवर होते तेव्हा धरणात किती पाणी आहे हे ते कोणालाच सांगत नसत. नातेवाईक विचारायचे, शेजारी विचारायचे, तूही एकदा विचारलं होतंस. ते म्हणायचे, कामावर जे दिसतं ते कामाचं असतं, आपलं नसतं. मला पहिला धडा अक्षरांचा दिला की हा, ते आठवत नाही. काचेच्या शाळेबद्दल मला जे माहीत आहे ते मला डेपोच्या नोकरीमुळे माहीत आहे. ते आमचं गिऱ्हाईक आहे. कोण किती इंधन घेतं हे बाहेर बोलायचं नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. आणि माझ्या गप्प राहण्यावर तू खोली विकलीस.

आता सांगते. त्यांच्याकडे हेलिकॉप्टरं पाच आहेत आणि शिकणारे चाळीसएक. आमचा टँकर तिथे आठवड्यातून दोनदा जातो, आणि भरतो ती दोन यंत्रं. तेवढ्या इंधनात चाळीस जण शिकूच शकत नाहीत. बाकीची तीन मागच्या बाजूला उभी आहेत. त्यांच्या पायांखाली गवत वाढलंय. चांगलं घोट्याएवढं.

तिथे शिकणारी एक मुलगी कॉफीच्या यंत्रापाशी भेटली होती. तिने सगळी फी आधी भरली आहे, सवलतीसाठी. वर्ष होत आलं. मी विचारलं, "किती तास झाले?" ती म्हणाली, "वर्गातले की हवेतले?" आणि हसली. हवेतले अगदी थोडे होते. तिच्या वडिलांना वाटतं तिचा परवाना आता येईलच. तिचा शर्ट फार छान होता, आत्या. कॉलर अगदी तू म्हणालीस तशी.

पावतीच्या मागचा मजकूर वाचला. नोंदवहीत सही होईपर्यंत भरलेले पैसे परत मागता येतात, थोडे कापून. सही झाली की एक पैसाही परत नाही. मागायला मीच जायला हवं, कारण नाव माझं आहे. मी काल गेले होते. काचेच्या दारापर्यंत. आत स्वागताच्या बाई हसत होत्या. त्या "का?" म्हणून विचारतील, आणि खरं सांगितलं तर डेपोतली नोकरी जाईल, खोटं तर तोंडातून निघणारच नाही. परत आले.

कापड नीट आखलेलं नसताना तू काप मारलास. पण खडू माझ्या हातात होता, हेही खरं.

झोप लागत नाही. काय करू ते कळव. नाही, कळवू नकोस. कळव.

शं.


२० फेब्रुवारी

शंकाबाई,

दुरुस्ती. आजवरच्या आयुष्यात मी पहिल्यांदाच हा शब्द पत्राच्या वर लिहिते आहे, तेव्हा पद्धत चुकली तर सांभाळून घे.

मी लिहिलं होतं की आजवर एकही पोरगी रडली नाही. एक रडली होती. तिने आखणीच चुकीची केली होती, ते तिला कळलं होतं, आणि ती मला सांगायला घाबरत होती म्हणून कात्री उघडून बसली होती. मी समजले हिचा हात धजत नाही. मारला काप. लग्नाच्या कोटाचं कापड होतं. नंतर मी तिच्यावरच ओरडले. इतकी वर्षं मी ही गोष्ट मोजणीतून वगळली होती.

आणि कॉलर. काय सांगू तुला. त्या शाळेला कोणीतरी माझ्यासारखाच चांगला शिंपी भेटला, एवढंच त्या कॉलरवरून कळतं. कॉलर शिंप्याची असते, शाळेची नसते. पस्तीस वर्षं शिवतेय आणि हे आत्ता लक्षात आलं. इस्त्रीवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मी रोज कितीतरी लबाडांचे शर्ट कडक करतो, मला विचारायचं होतं."

खोलीचं मनाला लावून घेऊ नकोस. ती गेली ती गेली. इस्त्रीवाला पलीकडे गाणी गुणगुणतो, माझं मशीन त्याच तालात चालायला लागलंय. पण त्या काचवाल्यांकडे पैसा ठेवायचा नाही. मी येऊ का? येते. मोठी कात्री घेऊन येते.

दादाला सगळं सांगितलं. तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा लावून वाचलं, उठला, बाहेर एक चक्कर मारून आला, पुन्हा वाचलं. आज म्हणाला, खाली थोडी जागा सोड. सोडते आहे.

आत्या


बाळ,

तुझ्या पत्रात एक चूक आहे. मी पाण्याची पातळी कोणाला सांगत नसे हे बरोबर. पण पाणी सोडायचं असलं की आधी भोंगा वाजवत असे. खाली नदीत माणसं कपडे धूत असत, गुरं असत. पातळी किती, हे त्यांना कळायची गरज नव्हती. बाजूला व्हा, एवढं कळायला हवं होतं. भोंगा वाजवणं हेही कामच होतं. तू तेव्हा लहान होतीस, कान झाकून घ्यायचीस, म्हणून बहुतेक धड्यात आलं नाही. शिकवण्यात राहिलं. दुरुस्त करून घे.

बाबा


२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या, आणि बाबा,

दुरुस्ती: मी लिहिलं होतं की तीन हेलिकॉप्टरांखाली गवत वाढलंय. परवा दुपारी कुंपणाबाहेरच्या रस्त्याने जाऊन पुन्हा बघितलं. गवत दोन यंत्रांखालीच आहे. तिसऱ्याचं आच्छादन काढलेलं होतं आणि एक माणूस आत डोकं घालून काम करत होता. ते दुरुस्त होत असेल. दुसऱ्यावर आरोप करायचा तर गवतसुद्धा मोजून घ्यायला हवं.

पण जाऊन बघितलं ते एका अर्थी बरं झालं. तो रस्ता सगळ्यांचा आहे. तिथून कोणालाही दिसतं. इंधनाचा शब्दही काढायची गरज नाही. बाबा, पातळी सांगायची नाही आणि भोंगा वाजवायचा, हे मला तिथे उभी असताना कळलं.

तरी नोकरीचा प्रश्न होता म्हणून डेपोच्या साहेबांना आधीच सांगितलं: मी त्या शाळेत पैसे परत मागायला जाणार आहे आणि तिथे चार लोकांसमोर एक प्रश्न विचारणार आहे. इंधनाबद्दल काहीही बोलणार नाही. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "प्रश्न काय आहे?" मी सांगितला. ते म्हणाले, "हा प्रश्न मी ऐकलेला नाही. पण उत्तर काय मिळालं ते मला येऊन सांग." नोकरी राहील की जाईल हे यावरून काही कळत नाही. नाडी अजून जास्तच आहे.

पैशांचं असं: जे कापून परत मिळेल त्यात डुलकी मास्तरांकडे परवान्याच्या साधारण निम्म्या वाटेपर्यंत जाता येईल. पुढचं मी पगारातून भरेन, जेवढे जमतील तेवढे तास. उशीर होईल. त्यांना विचारलं, इतकं तुटक शिकलं तर विसरायला होत नाही का? डोळे मिटूनच म्हणाले, "विसरशील. मग पुन्हा शिकशील. तुला दुरुस्तीची सवय आहे असं दिसतं." मी त्यांना पत्रांबद्दल काही सांगितलं नव्हतं.

कॉफीच्या यंत्रापाशी भेटलेल्या मुलीला काल रस्त्यावर घेऊन गेले आणि गवत दाखवलं. तिने फोटो काढला आणि तिथेच उभ्या उभ्या वडिलांना फोन लावला. लागला तेव्हा मी लांब जाऊन उभी राहिले.

आता माझं. प्रवेशाच्या दिवशी नवी मुलं आईवडिलांना घेऊन येतात. एकेक जण टेबलापाशी जातो, नोंदवहीत सही करतो, उरलेले पैसे भरतो. मी रांगेत उभी राहणार. माझी पाळी आली की पेन हातात घेणार नाही. पैसे परत मागणार. बाई "का?" म्हणतील, तेव्हा मागच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारणार: तुमच्या पाच हेलिकॉप्टरांपैकी आज उडतात किती? आणि गवत कुठून दिसतं तो रस्ताही सांगणार. बाकी काही नाही. वाक्य रोज आरशासमोर म्हणते आहे. आवाज फाटतो, पण वाक्य पूर्ण होतं.

आत्या, तू येऊ नकोस. मोठी कात्री घरीच राहू दे. तू आलीस तर माझ्या आधी बोलशील, आणि मी तुझ्यामागे उभी राहीन, आणि मग हेही तूच केलेलं होईल. कापड मी स्वतः मोजलंय, पुन्हा मोजलंय, एकदा चुकलं तेही दुरुस्त केलंय. यावेळी पहिला काप मी मारणार आहे.

सोमवारी, १ मार्चला, सकाळी रांग लागते तेव्हा.

तुमची,
शंकाबाई